चीज, सुकट आणि एक जुने औषध : एमएओआय सुरू करतानाचा अनुभव

नैराश्यावरील औषधांमध्ये मोनोअमाईन ऑक्सिडेज इनहिबिटर, म्हणजेच एमएओआय, हा एक जुना आणि आता क्वचितच दिला जाणारा गट आहे. ही औषधे घेणाऱ्याला काही पदार्थ कटाक्षाने टाळावे लागतात, कारण ते खाल्ल्यास रक्तदाब काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत धोकादायक पातळीवर चढू शकतो. मी मूळची रत्नागिरीची, गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून या गटातील ट्रॅनिलसिप्रोमीन घेते आहे. सुरू करण्यापूर्वी आपल्याकडच्या जेवणाच्या दृष्टीने या पथ्याविषयी मराठीत काही सापडते का, हे मी पुष्कळ शोधले, परंतु हाती काही लागले नाही. म्हणून जे घडले ते क्रमाने लिहीत आहे. माझ्या गोळ्यांचे प्रमाण माझ्यापुरते आहे. ते कोणीही स्वतःला लावून घेऊ नये.

या औषधापर्यंत कोणी थेट पोहोचत नाही. माझ्या बाबतीत आधी सर्ट्रालीन झाले, मग व्हेनलाफॅक्सीन झाले, आणि शेवटी फ्लुओक्सेटीन चालू असतानाही सकाळी अंथरुणातून उठणे हेच दिवसाचे सर्वांत मोठे काम होऊन बसले, तेव्हा मार्च २०२४ मध्ये माझ्या जीपींनी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, मला मानसोपचार विभागाकडे पाठवले. भेटीची तारीख सप्टेंबरमधली मिळाली. मधल्या काळात एका गोष्टीचे भान ठेवावे लागते, ती अशी की रुग्णालयातून येणारे फोन बहुधा क्रमांक न दाखवता येतात. आपण ते फसवणुकीचे समजून उचलले नाहीत, तर 'रुग्णाशी संपर्क होऊ शकला नाही' असे पत्र जीपींकडे जाते आणि पुन्हा रांगेच्या टोकाला उभे राहावे लागते. मी त्या सहा महिन्यांत विम्याचे आणि विजेच्या करारांचे असंख्य फोन निमूटपणे ऐकून घेतले.

सप्टेंबरमधल्या भेटीत मानसोपचारतज्ज्ञांनी तीन पर्याय समोर ठेवले : चालू औषधाला लिथियमची जोड देणे, विद्युत उपचार (ईसीटी, म्हणजे भूल देऊन मेंदूला दिला जाणारा विजेचा झटका), किंवा एमएओआय. तिसऱ्या पर्यायाबद्दल बोलताना त्यांनी माझ्या लक्षणांपेक्षा माझ्या राहणीविषयी अधिक प्रश्न विचारले. घरी स्वयंपाक कोण करते, बाहेरचे जेवण किती वेळा होते, मद्य घेता का, सर्दी-खोकल्याला काय घेता, भारतातून कोणती चूर्णे किंवा काढे आणता का, रक्तदाबाचा काही इतिहास आहे का, हे सर्व त्यांनी लिहून घेतले. यकृताच्या कार्याची रक्ततपासणी सांगितली आणि घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेण्यास सांगितले. यंत्र घेताना ब्रिटिश अँड आयरिश हायपरटेन्शन सोसायटीच्या यादीतले आहे ना, एवढे पाहावे. दंडावर पट्टा बांधण्याचे साधे यंत्र मला पंचवीस पौंडांच्या आसपास मिळाले. मनगटावरची यंत्रे दिसायला सुटसुटीत असतात, पण मला ती घेऊ नका असे स्पष्ट सांगण्यात आले.

पथ्यामागचे कारण मला त्याच भेटीत समजावून सांगितले गेले, आणि माझी भीती कमी होण्यास त्याचाच सर्वाधिक उपयोग झाला. प्रथिनांमध्ये टायरोसीन नावाचा घटक असतो. अन्न मुरते, आंबते किंवा शिळे होते, तेव्हा त्यातील जीवाणू टायरोसीनचे टायरामीन बनवतात. एरवी आपल्या आतड्यात आणि यकृतात मोनोअमाईन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) या टायरामीनचा निकाल लावते, त्यामुळे जुने चीज किंवा वाळवलेली मासळी खाऊन सर्वसामान्य माणसाला काही होत नाही. एमएओआय औषध हेच विकर बंद पाडते. मेंदूत त्याचा परिणाम म्हणून सेरोटोनिन, नॉरअॅड्रिनलीन यांसारखी द्रव्ये टिकून राहतात, आणि औषध काम करते ते त्यामुळेच. पण आतड्यातला पहारा त्याच वेळी उठतो. टायरामीन रक्तात शिरते, मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेले नॉरअॅड्रिनलीन बाहेर ढकलते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब उसळतो. औषध न घेणाऱ्या माणसाला शेकडो मिलिग्रॅम टायरामीन पचते. हे औषध घेणाऱ्याला सहा ते दहा मिलिग्रॅमनेही त्रास सुरू होऊ शकतो, आणि त्याच्या दुपटीने प्रसंग गंभीर होऊ शकतो.

हे विकर १९२८ मध्ये केंब्रिजला मेरी हेअर या संशोधिकेने शोधले, तेही टायरामीनवरच काम करताना. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, हे कोडे इंग्लंडमध्येच सुटले. एमएओआय घेणाऱ्या काही रुग्णांना अचानक भयंकर डोकेदुखी होते, क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो, हे तोवर दिसू लागले होते, पण कारण कळत नव्हते. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरांना नॉटिंगहॅमच्या रो नावाच्या फार्मासिस्टने पत्र लिहून कळवले की, आपल्या पत्नीला हे औषध चालू असताना चीज खाल्ल्यावर असाच त्रास होतो. सुरुवातीला ही गोष्ट फारशी कोणाला पटली नाही, परंतु तशीच उदाहरणे पुढे येत गेली, आणि त्याच वर्षी चीजमधील टायरामीनकडे बोट दाखवले गेले. पुढच्या वर्षी, १९६४ मध्ये, ट्रॅनिलसिप्रोमीन अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले आणि निर्बंधांसह पुन्हा परत आले. मला हा इतिहास फार आवडतो, कारण त्यात निरीक्षण स्वयंपाकघरात झालेले आहे. नॉटिंगहॅम माझ्या घरापासून रेल्वेने अर्ध्या तासावर आहे, हे जाता जाता सांगते.

प्रत्यक्षात सर्वांत अवघड भाग पथ्याचा नव्हता, मधल्या रिकाम्या काळाचा होता. फ्लुओक्सेटीन शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते, आणि ते शिल्लक असताना एमएओआय घेतल्यास सेरोटोनिनचे प्रमाण जीवघेण्या पातळीपर्यंत वाढू शकते. म्हणून दोहोंच्या मध्ये किमान पाच आठवडे कोणतेही नैराश्यरोधक औषध न घेता काढावे लागतात. सर्ट्रालीनसारख्या औषधांसाठी हे अंतर बरेच कमी असते. ज्यांच्यापुढे हा मार्ग येण्याची शक्यता आहे त्यांनी ही बाब तज्ज्ञांना आधीच विचारून ठेवावी. माझे फ्लुओक्सेटीन ऑक्टोबरच्या मध्यात बंद झाले आणि दिवाळी नेमकी त्या पोकळीत आली. पहिले दोन आठवडे मला फारसा फरक जाणवला नाही, आणि मग लक्ष्मीपूजनाच्या सुमारास मन असे खाली गेले की फराळाचे डबे ज्यांनी आणून दिले त्यांचे आभार मानण्याचेही त्राण उरले नाही. मानसोपचार विभागातील परिचारिका दर आठवड्याला फोन करीत असे. रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, तो क्रमांक नवऱ्याने फ्रिजवर लावून ठेवला होता. या काळाची तयारी करताना कार्यालयातून रजेची सोय करणे, स्वयंपाक आणि मुलांच्या शाळेची ने-आण दुसऱ्या कोणाकडे सोपवणे, आणि आत्महत्येचे विचार आले तर काय करायचे हे घरच्यांशी स्पष्ट शब्दांत बोलून ठेवणे, या तीन गोष्टी मी आवश्यक मानते. तिसरी गोष्ट बोलताना आम्हा दोघांनाही जड गेले, पण बोलल्यावर नवरा अधिक निर्धास्त झाला.

याच काळात, नोव्हेंबरच्या आरंभी, रुग्णालयातील फार्मासिस्टबाईंशी तासभराची भेट ठरली. त्यांनी मला पथ्याचा छापील कागद दिला. त्यात चेडर, स्टिल्टन आणि पार्मेझानसारखी मुरलेली चीज, मार्माइट आणि बोव्हरिल हे यीस्टचे आणि मांसाचे घट्ट अर्क, सालामीसारखे मुरवलेले मांस, पिंपातून ओतली जाणारी बिअर, सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), सावरक्राऊट (आंबवलेला कोबी) असे पदार्थ होते. कागदातील माहिती अचूक होती, पण तो ज्या फडताळासमोर उभे राहून लिहिला गेला ते फडताळ माझे नव्हते. मी मार्माइट आयुष्यात एकदाच चाखले आहे. उलट माझ्या घरात सुकट, सुके बोंबील, सोडे, इडलीचे पीठ, ताक, कैरीचे लोणचे, अनारशाचे पीठ आणि रविवारच्या मटणाचा सोमवारी अधिक चविष्ट लागणारा रस्सा होता, आणि यांपैकी एकही नाव कागदावर नव्हते. म्हणून मी आदल्या रात्री स्वतःच्या स्वयंपाकघरातील सर्व पदार्थांची यादी करून नेली होती. फार्मासिस्टबाई लेस्टरच्याच एका गुजराती घरातल्या असल्याने ढोकळ्याचे पीठ म्हणजे काय, हे मला समजावून सांगावे लागले नाही. मात्र त्या गुजराती नसत्या, तरी ही यादी उपयोगी पडलीच असती; पदार्थ कशाचा, किती वेळ ठेवलेला आणि कोणत्या तापमानात, एवढे सांगितले की त्यांना उत्तर देता येते.

आमच्या चर्चेतून जे ठरले ते असे. सुकी मासळी, मग ती सुकट असो, बोंबील असो वा जवळा, पूर्णपणे बंद; कोळंबीचे लोणचेही बंद. ताजा मासा चालेल, परंतु तो खरोखर ताजा किंवा पकडल्याबरोबर गोठवलेला हवा, फ्रिजमध्येच विरघळवायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. पनीर, मोझरेला आणि घरचे ताजे दही यांस हरकत नाही. आठवडाभर फ्रिजच्या मागे राहून आंबट झालेल्या दह्याची कढी मात्र करायची नाही. इडली-डोशाचे पीठ घरी एक रात्र आंबवून दुसऱ्या दिवशी वापरावे आणि उरलेले पुन्हा दोन दिवस आंबू देऊ नये, असा मध्यम मार्ग त्यांनी सुचवला. कैरीचे तेलातले लोणचे फोडीभर घ्यायला त्यांनी संमती दिली. पाव चालतो, कारण भाजलेल्या पावातल्या यीस्टचा प्रश्न नसतो. प्रश्न यीस्टच्या घट्ट अर्काचा असतो, आणि तो तयार सूपच्या पाकिटांत, खारवलेल्या चिप्सच्या मसाल्यात लपलेला असतो, म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरे वाचावी लागतात. केळे चालते, केळ्याच्या सालीत मात्र टायरामीन असते, आणि आमच्याकडे कच्च्या केळ्याच्या सालीची चटणी करतात हे ऐकून त्यांनी पेन उचलून तेही लिहून घेतले. अनारशाच्या पिठावर आम्ही दोघी बराच वेळ थांबलो. तांदळात प्रथिने कमी, त्यामुळे धोका थोडा असावा, असे त्यांना वाटले, पण खात्रीने सांगता येईना. वर्षातून एकदाच येणाऱ्या पदार्थासाठी शंका बाळगण्यापेक्षा मी तो सोडून दिला.

कागदावर 'ब्रॉड बीन्सच्या शेंगा' असेही होते. ते वाल असावेत असे मला वाटले होते, आणि वालाची उसळ जाणार म्हणून मी मनातून खट्टू झाले होते. फार्मासिस्टबाईंनी शास्त्रीय नावे पडताळून पाहिली. निषिद्ध आहे तो फावा, म्हणजे उत्तर भारतातला बाकला. त्याच्या शेंगेत टायरामीनऐवजी लेव्होडोपा हे द्रव्य असते, आणि तेही या औषधासोबत रक्तदाब वाढवते. आपला वाल ही निराळी वनस्पती आहे. लेव्होडोपाचा हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे रत्नागिरीत तो पुन्हा समोर आला.

शिळ्या अन्नाबाबत त्यांनी सांगितलेला नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मांस, मासे किंवा अंडी यांचा पदार्थ उरला तर तो ताबडतोब गोठवावा किंवा टाकून द्यावा. पुन्हा उकळल्याने जीवाणू मरतात, पण त्यांनी तयार केलेले टायरामीन तसेच राहते. 'चांगले उकळून घेतले की झाले' हे आपल्या घरांतले सूत्र इथे लागू पडत नाही. भाजी-भात, वरण, पोळ्या यांच्याबाबत एवढी धास्ती नको. आणखी एक गैरसमज त्यांनीच दूर केला : ग्रेपफ्रूट आणि औषधे यांविषयी जे ऐकू येते तो वेगळाच विषय आहे. त्या फळातील काही द्रव्ये आतड्यातील दुसऱ्या एका विकराला रोखतात आणि काही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढवतात. आपल्या पपनसातही ती द्रव्ये असतात. सर्ट्रालीन घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट टाळावे असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. टायरामीनच्या पथ्याशी त्याचा संबंध नाही.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात औषध सुरू झाले : आरंभी सकाळी दहा मिलिग्रॅमची एक गोळी, आठवड्याने दुपारी आणखी एक. दुसरी गोळी तीन वाजण्यापूर्वी घ्यावी लागते, नाहीतर झोप उडते; तीनपूर्वी घेऊनही माझी झोप पहिला महिनाभर तुटकच होती. इंग्लंडमध्ये २०२४ मध्ये प्रत्येक औषधामागे नऊ पौंड नव्वद पेन्स शुल्क पडत होते. वर्षाला बारा किंवा अधिक वेळा औषध घ्यावे लागणार असेल तर तेव्हाच्या दराने ११४ पौंड ५० पेन्सचे वार्षिक प्रमाणपत्र घेणे परवडत होते, आणि त्याचे पैसे हप्त्यांनीही भरता येत. हे औषध दुकानांत तयार नसते, मागवावे लागते, म्हणून मी गोळ्या संपण्याच्या दहा-बारा दिवस आधीच चिठ्ठी टाकते. पहिले काही महिने औषध रुग्णालयाच्या फार्मसीतूनच मिळाले, कारण हे औषध लिहून देण्याची जबाबदारी स्वीकारायला जीपी दवाखाना तयार नव्हता. रुग्णालय आणि जीपी यांच्यातील कराराचे पत्र दोनदा गहाळ झाले. तिसऱ्यांदा मी त्याची प्रत स्वतः नेऊन दिली आणि पोहोच मागून घेतली, तेव्हा काम झाले.

रक्तदाब वाढेल या धाकात मी होते, आणि रोजच्या अनुभवाला आले ते उलट. या औषधाने उभे राहिल्यावर रक्तदाब घसरतो. पहिल्या पंधरवड्यात खुर्चीतून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येई, आणि एकदा न्हाणीघरात भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी बसून आणि उभे राहून, अशा दोन्ही नोंदी एका वहीत ठेवत गेले. ती वही पाहूनच डॉक्टरांनी मात्रा वाढवण्याचा वेग ठरवला. रक्तदाब उसळल्याची खूण म्हणून मला सांगितले होते ते असे : डोक्याच्या मागच्या बाजूने अचानक सुरू होणारी तीव्र ठणक, धडधड, घाम, मान आखडणे, ओकारी. असे झाल्यास ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा, हे औषध चालू असल्याचे कार्ड सोबत न्यायचे आणि घरातली रक्तदाबाची कोणतीही गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. पूर्वी रुग्णांना निफेडिपीनच्या कॅप्सूल जवळ बाळगायला देत असत. रक्तदाब एकदम कोसळण्याच्या धोक्यामुळे ती पद्धत मागे पडली. सुदैवाने मला त्यांपैकी काही करावे लागले नाही. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी भांडी घासताना मी गुणगुणते आहे, हे मुलीने लक्षात आणून दिले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही रत्नागिरीला गेलो. जाण्यापूर्वी डॉक्टरांचे पत्र घेतले, गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवल्या, पूर्ण मुक्कामाला पुरतील त्याहून थोड्या अधिक घेतल्या आणि त्या दोन पिशव्यांत विभागून हातातल्या सामानात ठेवल्या. प्रवास विम्यात आजार आणि औषध दोन्ही नोंदवले, त्याचे थोडे पैसे जास्त पडले. तिकडे काळजी जेवणापेक्षा औषधांच्या दुकानाची घ्यावी लागते. नाक चोंदल्यावर आपल्याकडे सहज मिळणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असते, खोकल्याच्या अनेक औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते, आणि दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत ट्रामाडोल; ही तिन्ही एमएओआयसोबत घातक ठरू शकतात. मला सर्दी झालीच. पॅरासिटामॉल, वाफ आणि मिठाच्या पाण्याचे थेंब एवढ्यावर मी ती काढली.

जेवणाबद्दल आईला फोनवर सर्व आधीच सांगितले होते आणि तिने सुकटीचा डबा शेजारी देऊन टाकला होता. मावशीने मात्र अशक्तपणा जावा म्हणून एका ओळखीच्या वैद्यांकडचे चूर्ण आणले होते. "अगं, हे झाडपाल्याचं आहे, याने काय होणार आहे?" असे ती म्हणाली. डबीवरच्या घटकांत कवचबीज होते, म्हणजे खाजकुहिलीचे बी. त्यात लेव्होडोपा भरपूर असते. फार्मासिस्टबाईंनी बाकल्याच्या वेळी सांगितलेले तेच द्रव्य. मी मावशीला म्हटले, "मावशी, झाडपाल्याचं आहे म्हणूनच भीती आहे गं. माझ्या गोळीशी याचं जमत नाही, तू डबी परत दे, पैसे मी देते." तिने पैसे घेतले नाहीत आणि दोन दिवस अबोला धरला. नंतर तिनेच ताजी सुरमई आणून, माझ्यासमोर साफ करून, तासाभरात तळून वाढली.

एप्रिलमध्ये मात्रा दिवसाला तीस मिलिग्रॅमवर स्थिर झाली आणि मे महिन्यापासून चिठ्ठी जीपींकडून मिळू लागली. आताशा चीजमध्ये टायरामीन पूर्वीइतके नसते, कारण विरजणे नियंत्रित आणि कारखाने स्वच्छ झाले आहेत, असे या विषयावर लिहिणारे ऑस्ट्रेलियातील डॉ. केन गिलमन सांगतात, आणि माझ्या डॉक्टरांनाही ते मान्य आहे. तरीही एकाच नावाच्या चीजच्या दोन तुकड्यांत मोठा फरक असू शकतो, म्हणून मी चेडर खात नाही. गोळी कधी बंद केली तरी पथ्य पुढे दोन आठवडे चालू ठेवायचे आहे, कारण बंद पडलेल्या विकराची जागा घ्यायला शरीराला नवे विकर तयार करावे लागते.

सध्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी माझे नाव प्रतीक्षायादीत आहे. भूलतज्ज्ञांना मी औषधाचे कार्ड दाखवले आहे आणि पेथिडीन व ट्रामाडोल ही वेदनाशामके देऊ नयेत असे त्यांनी धारिकेवर ठळक लिहून घेतले आहे. औषध शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे थांबवायचे की चालूच ठेवायचे, यावर ते आणि माझे मानसोपचारतज्ज्ञ सप्टेंबरमध्ये एकत्र बोलणार आहेत. त्या बैठकीला मलाही बोलवावे, असे पत्र मी दोन्ही विभागांना पाठवले आहे.